विश्लेषण : काँग्रेसचे संस्थापक ह्यूम आणि खान्देशातला रानपिंगळा यांचा संबंध काय?

पाऊस ओसरला, ज्वारी-बाजरीची कणसे भरू लागली की खान्देशातील पक्षीनिरीक्षक दुर्बिणी काढून बाहेर पडतात. जळगावचा मेहरूण तलाव, भुसावळजवळचे हतनूर धरण, धुळ्याचा नकाणे तलाव, लळिंगचे कुरण, शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अशा ठिकाणी सकाळी फेऱ्या होतात आणि दुपारपर्यंत मोबाइलवर नोंदींची देवाणघेवाण सुरू होते. कुठे काय दिसले, किती दिसले, यंदा पहिल्यांदा कधी दिसले, अशा या नोंदी असतात. भारतात ही पद्धत सुमारे दीडशे वर्षांपूर्वी ज्या माणसाने मोठ्या प्रमाणावर रुजवली, त्याचे नाव शाळेच्या पुस्तकात वेगळ्याच कारणासाठी येते. राष्ट्रीय काँग्रेसचे एक संस्थापक अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हेच ते गृहस्थ. सातपुड्यातील रानपिंगळा हरवला आणि ११३ वर्षांनी सापडला, त्या कथेची सुरुवातही त्यांच्यापासूनच होते.

ह्यूम कोण होते?

ह्यूम यांचा जन्म १८२९ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. वडील जोसेफ ह्यूम हे स्कॉटिश वंशाचे आणि ब्रिटिश संसदेतील सुधारणावादी सदस्य होते. सरकारी खर्चाचा हिशेब मागणारा खासदार अशी त्यांची ख्याती होती. मुलाचे शिक्षण हेलीबरी येथील ईस्ट इंडिया कंपनीच्या महाविद्यालयात झाले. नंतर त्याने लंडनमध्ये वैद्यकाचेही काही शिक्षण घेतले. १८४९ मध्ये, विशीत असताना, ह्यूम भारतात आले आणि बंगाल सनदी सेवेत रुजू झाले.

आजच्या उत्तर प्रदेशातील इटावा हे त्यांचे पहिले मोठे कार्यक्षेत्र. तेथे त्यांनी मोफत प्राथमिक शाळा काढण्याचा सपाटा लावला. १८५७ पर्यंत १८१ शाळा आणि पाच हजारांहून अधिक विद्यार्थी असा हा पसारा होता. त्याच वर्षी उठाव झाला आणि ह्यूम यांना इटावा सोडून आग्र्याला जावे लागले. पुढे ते परतले आणि इंग्रजांच्या बाजूने लढलेही. मात्र उठाव शमल्यावर सूड उगवण्यापेक्षा सौम्यपणे वागण्याकडे त्यांचा कल होता. लोकांना काय वाटते हे सरकारला कळत नाही, म्हणून असे प्रसंग येतात, हा विचार त्यांच्या मनात तेव्हापासून पक्का झाला असावा, असे त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहून म्हणता येते.

१८६७ मध्ये ते अंतर्गत जकात खात्याचे आयुक्त झाले. मिठाची चोरटी वाहतूक रोखण्यासाठी इंग्रजांनी देशाच्या मधोमध जकात नाक्यांची लांबच लांब रेषा आखली होती. वायव्येकडून सुरू होऊन दिल्ली, आग्रा, झाशी, खंडवा अशी ती ओडिशाच्या दिशेने जात होती आणि तिच्या मोठ्या भागात काटेरी झुडपांचे कुंपण वाढवलेले होते. गरिबाच्या मिठावर कर बसवणाऱ्या व्यवस्थेची देखरेख ह्यूम यांच्याकडे होती, ही त्यांच्या चरित्रातील नाकारता न येणारी बाजू आहे. पण त्याच नोकरीमुळे त्यांना हजारो किलोमीटर फिरायला मिळाले आणि या फिरतीत पक्ष्यांचा अभ्यास वाढत गेला.

पक्ष्यांच्या नोंदी एकत्र कशा येऊ लागल्या?

त्या काळी भारतातील पक्ष्यांवरचा मुख्य आधार म्हणजे थॉमस जर्डन यांचा १८६० च्या दशकात आलेला ग्रंथ. पण एका माणसाच्या नजरेत एवढा मोठा देश मावणे शक्य नव्हते. एखादा पक्षी उत्तरेत हिवाळी पाहुणा असतो, दक्षिणेत कायमचा रहिवासी असतो आणि मध्ये कुठे तरी फक्त वाटसरू असतो. हे चित्र पूर्ण करायचे तर गावोगावच्या माणसांनी पाहिले पाहिजे, लिहिले पाहिजे आणि ते लेखन एका ठिकाणी आले पाहिजे.

हे ओळखून ह्यूम यांनी १८७२ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक सुरू केले. नावाचा साधा अर्थ इकडेतिकडे पडलेली, विखुरलेली पिसे. एकेक पीस क्षुल्लक असते, पण गोळा केली तर पक्ष्याचा पत्ता लागतो. रेल्वेचे अभियंते, लष्करी अधिकारी, वनाधिकारी, मिशनरी, जिल्ह्याचे अंमलदार असे लोक आपापल्या भागातील पक्ष्यांच्या याद्या, घरट्यांच्या नोंदी, येण्याजाण्याच्या तारखा आणि शंका ह्यूम यांच्याकडे पाठवत. ते त्या तपासत, छापत आणि पटले नाही तर जाहीरपणे खोडून काढत. त्यांची लेखणी तिखट होती. चुकीची ओळख, मोघम ठिकाण किंवा ऐकीव माहिती त्यांना चालत नसे.

नोंद कशी करावी यासाठी त्यांनी १८७४ मध्ये एक छोटी मार्गदर्शिकाही काढली. पक्षी ताजा असतानाच मोजमाप घ्यावे, डोळे, चोच आणि पाय यांचा रंग लगेच लिहावा, कारण तो नंतर बदलतो. ठिकाण आणि तारीख चिठ्ठीवर लिहून ती नमुन्यालाच बांधावी, अशी ती शिस्त होती. आज ही माणसे फक्त पाहत आणि फोटो काढत असती. त्या काळी चांगल्या दुर्बिणी आणि कॅमेरे हाताशी नव्हते, म्हणून पक्षी मारून त्याचे कातडे जपणे हीच ओळख पटवण्याची पद्धत होती. एकट्या ह्यूम यांच्या संग्रहातील नमुन्यांची संख्या पाहिली तर आजच्या वाचकाच्या अंगावर काटा येईल. पुढे उत्तरायुष्यात त्यांनी स्वतःही शिकार सोडली आणि ते शाकाहारी झाले.

महाराष्ट्रातून कोण लिहीत होते?

‘स्ट्रे फेदर्स’च्या पानांवर आजच्या महाराष्ट्राची गावे वारंवार दिसतात. अहमदनगर भागात काम करणारे मिशनरी सॅम्युएल फेअरबँक यांनी खंडाळा, महाबळेश्वर आणि बेळगाव परिसरातील पक्ष्यांवर लिहिले. जी. डब्ल्यू. विडाल यांनी दक्षिण कोकणातील पक्ष्यांची यादी दिली. जेम्स डेव्हिडसन आणि वेंडन यांनी दख्खनच्या पक्ष्यांवर १८७८ मध्ये लेख लिहिला.

याच डेव्हिडसन यांनी पुढे पश्चिम खान्देशातील पक्ष्यांची यादी तयार केली. तिच्या नावातच ती कच्ची यादी असल्याचे त्यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकले होते. १८८२ मध्ये ती ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये प्रसिद्ध झाली. डेव्हिडसन हे मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी होते. तेव्हा जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून एकच खान्देश जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठाणे धुळे होते. जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग १९०६ मध्ये झाले, तर नंदुरबार १९९८ मध्ये वेगळा झाला. त्यामुळे डेव्हिडसन यांच्या नोंदींतील शहादा आणि तळोदा ही गावे आज नंदुरबार जिल्ह्यात येतात.

एक गोष्ट मात्र या पानांत फारशी सापडत नाही. जंगलात वाट दाखवणारे, पक्ष्याचा आवाज ओळखून सांगणारे, झाडावर चढून घरटे काढणारे स्थानिक लोक बहुतेक वेळा बिननावाचेच राहिले. नोंदी इंग्रज अंमलदारांच्या नावाने छापल्या गेल्या, पण सातपुड्याची खडान्‌खडा माहिती तेथील माणसांकडेच होती.

रानपिंगळा प्रथम कसा सापडला?

पिंगळा खान्देशात सर्वांना ठाऊक आहे. गावातील जुन्या वाड्यात, चिंचेच्या ढोलीत राहणारे, संध्याकाळी चिरचिर करणारे ते छोटे घुबड. रानपिंगळा त्याचा जंगलातला भाऊबंद. आकार साधारण तेवढाच, पण डोक्यावर ठिपके जवळपास नाहीत, छाती गडद तपकिरी, पोट पांढरे आणि पाय पिसांनी झाकलेले दणकट. मुख्य म्हणजे तो दिवसाही शिकार करतो. सागाच्या विरळ जंगलात उघड्या फांदीवर बसून शेपूट हलवत सरडे, पाली आणि उंदीर टिपतो.

१८७२ च्या अखेरीस एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात हे घुबड मिळाले. नमुना ह्यूम यांच्याकडे आला. हा नेहमीचा पिंगळा नाही, हे त्यांनी ओळखले आणि १८७३ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’च्या पहिल्याच खंडात ब्लेविट यांचे नाव देऊन त्याचे वर्णन छापले. १८७७ मध्ये भूवैज्ञानिक व्हॅलेंटाइन बॉल यांना ओडिशातील खरियार भागात आणखी एक मिळाला. त्यानंतर १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिडसन यांनी शहादा आणि तळोदा परिसरातून काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र खात्रीची एकही नोंद नाही. जगभरातील संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे जेमतेम सात नमुने होते आणि त्यांतील बहुतेक खान्देशातले.

ह्यूम यांची हस्तलिखिते रद्दीत का गेली?

१८७० च्या दशकात ह्यूम भारत सरकारच्या महसूल, शेती आणि व्यापार खात्याचे सचिव होते. शेतकऱ्याच्या स्थितीबद्दल, कर्जबाजारीपणाबद्दल आणि शेतीसुधारणेबद्दल ते सरकारला खडे बोल सुनावत. वरिष्ठांना ते रुचले नाही. १८७९ मध्ये त्यांना सचिवपदावरून दूर करून खालच्या जागी पाठवण्यात आले. त्याच वर्षी शेतीसुधारणेवरील त्यांची पुस्तिकाही प्रसिद्ध झाली. १८८२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

सिमल्यात जाखू टेकडीवर त्यांचे ‘रॉथनी कॅसल’ हे मोठे घर होते. त्यात पक्ष्यांचे खासगी संग्रहालय होते. आशिया खंडातील पक्ष्यांचा असा संग्रह दुसऱ्या कोणाकडे नव्हता. या सगळ्याच्या आधारे भारतातील पक्ष्यांवर एक मोठा, सर्वसमावेशक ग्रंथ लिहायचा हे त्यांचे स्वप्न होते. सुमारे पंचवीस वर्षांची टिपणे आणि हस्तलिखिते त्यासाठी साठवलेली होती.

ह्यूम सिमल्याबाहेर असताना घरातील एका नोकराने या कागदांचे गठ्ठे उचलले आणि बाजारात रद्दी म्हणून विकले. वाण्याच्या पुड्यांना कागद लागतोच. मालक परतला तेव्हा बहुतेक काम गेलेले होते. त्यातच मुसळधार पावसाने दरड कोसळून संग्रहालयाचे आणि नमुन्यांचेही नुकसान झाले. तो ग्रंथ पुन्हा कधी उभा राहिला नाही.

पण सगळे संपले नाही. पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांवरील जी टिपणे वाचली होती, त्यांचे पुस्तक झाले. १८८९-९० मध्ये यूजीन ओट्स यांनी त्याची दुसरी आवृत्ती संपादित केली. आणि जे ‘स्ट्रे फेदर्स’च्या अकरा खंडांत आधीच छापून देशभर पोहोचले होते, ते तर कोणालाच रद्दीत विकता येण्यासारखे नव्हते. घरात कुलूपबंद ठेवलेले काम गेले, सोबत्यांत वाटलेले टिकले. डेव्हिडसन यांची खान्देशची यादी आज वाचता येते ती याच कारणाने.

१८८५ या वर्षाला इतके महत्त्व का?

उरलेला संग्रह सुरक्षित हाती जावा म्हणून ह्यूम यांनी तो ब्रिटिश म्युझियमला भेट दिला. १८८५ च्या उन्हाळ्यात संग्रहालयाचे पक्षीतज्ज्ञ रिचर्ड बाउडलर शार्प स्वतः सिमल्यात आले. देवदाराच्या लाकडाच्या ४७ पेट्या जागेवर बनवून घेतल्या गेल्या. पक्षी आणि अंडी मिळून सुमारे ८२ हजार नमुने त्यांत भरले गेले. डोंगर उतरून या पेट्या मुंबईमार्गे लंडनला रवाना झाल्या.

त्याच वर्षी २८ डिसेंबरला त्याच मुंबईत, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत, भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. ते आधी पुण्यात व्हायचे होते, पण कॉलऱ्याच्या साथीमुळे जागा बदलावी लागली. व्योमेशचंद्र बॅनर्जी अध्यक्ष होते आणि ७२ प्रतिनिधी आले होते. त्याआधी दोन वर्षे ह्यूम देशभर पत्रव्यवहार करून माणसे जोडत होते. ठिकठिकाणच्या जाणकारांना पत्रे लिहायची, त्यांच्याकडून माहिती मागवायची आणि सर्वांना एका व्यासपीठावर आणायचे, हे काम पक्ष्यांच्या निमित्ताने ते आधीपासूनच करत होते. काँग्रेसचे सरचिटणीस म्हणून पुढे त्यांनी अनेक वर्षे काम पाहिले.

लोकांचा असंतोष स्फोटक होण्याआधी त्याला सनदशीर वाट मिळावी एवढाच ह्यूम यांचा हेतू होता, असे अनेक इतिहासकार मानतात. भारतीय नेत्यांनी आपल्या गरजेसाठी एका निवृत्त इंग्रज अधिकाऱ्याचा उपयोग करून घेतला, असे इतर काही म्हणतात. हा वाद आजही संपलेला नाही. काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन मात्र डिसेंबर १९३६ मध्ये खान्देशातच, यावल तालुक्यातील फैजपूर येथे झाले. ते पाहायला ह्यूम हयात नव्हते.

१८९४ मध्ये ते इंग्लंडला परतले आणि वनस्पतीशास्त्राकडे वळले. १९१० मध्ये त्यांनी दक्षिण लंडनमध्ये वनस्पतीशास्त्राची संस्था काढली. ती आजही सुरू आहे. ३१ जुलै १९१२ रोजी त्यांचे निधन झाले.

एका खोट्या चिठ्ठीने पक्षी कसा हरवला?

रानपिंगळ्याची गोष्ट येथे संपायला हवी होती, पण एका खोट्या नोंदीने ती बिघडवली. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन हे ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि नामांकित पक्षीसंग्राहक होते. त्यांच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता आणि चिठ्ठीवर लिहिले होते की तो १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे मिळाला. यामुळे दोन समज रूढ झाले. पहिला, हा पक्षी विसाव्या शतकातही जिवंत होता. दुसरा, तो गुजरातेत सापडतो. सलीम अली यांच्यासारख्या तज्ज्ञांनीही रानपिंगळ्याचा शोध घेतला, पण तो मिळाला नाही. हळूहळू तो नामशेष झाला असावा, असे मानले जाऊ लागले.

१९९० च्या दशकात अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील सर्व नमुने बारकाईने तपासले. कातडे कसे भरले, कसे शिवले, याची प्रत्येक संग्राहकाची पद्धत वेगळी असते. माइनर्ट्‌झहागेन यांच्या नमुन्यावर डेव्हिडसन यांच्या हाताची खूण होती. म्हणजे खान्देशातील जुना नमुना ब्रिटिश म्युझियममधून चोरून, थोडा उसवून पुन्हा भरून त्याला नवी चिठ्ठी लावण्यात आली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हा प्रकार १९९९ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केला.

खोटी नोंद बाजूला काढल्यावर काय उरले? ब्लेविट, बॉल आणि डेव्हिडसन यांच्या खऱ्या नोंदी. मग शोध तिकडेच घ्यायचा, असे ठरले. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट नोव्हेंबर १९९७ मध्ये भारतात आले. जुन्या ठिकाणांचा माग काढत ते शहाद्याजवळ पोहोचले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका उघड्या झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. त्याचे फोटो आणि चित्रफीत घेतली गेली. ११३ वर्षांनी त्याच्या अस्तित्वाचा पुरावा मिळाला आणि तो डेव्हिडसन यांनी सांगितलेल्या भागातच मिळाला.

आज त्याची स्थिती काय आहे?

त्यानंतर तोरणमाळ, यावल अभयारण्य, मेळघाट, मध्य प्रदेशातील खंडवा परिसर, तसेच ठाणे जिल्ह्यातील तानसा येथे रानपिंगळा आढळला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. जागतिक यादीत तो आधी अतिसंकटग्रस्त होता. नवी ठिकाणे सापडल्यावर २०१८ मध्ये त्याला संकटग्रस्त या गटात आणले गेले. म्हणजे धोका टळला असे नव्हे. सागाची जंगले तुटणे, अतिक्रमण, वणवे आणि ढोली असलेली जुनी झाडे जाणे, ही कारणे तशीच आहेत.

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या नोंदी का महत्त्वाच्या?

हा काळ खान्देशात पाहुण्यांचा असतो. मध्य आशियातून भोरड्यांचे थवे येतात आणि ज्वारीच्या शेतांवर उतरतात. टोळ आणि नाकतोडे खातात म्हणून त्या शेतकऱ्याच्या मित्र, कणसे खातात म्हणून डोकेदुखी. तलावाकाठी धोबी शेपूट नाचवत फिरू लागतो. युरोपीय नीलपंखासारखे वाटसरू काही दिवस तारांवर दिसतात आणि आफ्रिकेच्या दिशेने निघून जातात. हतनूरच्या पाण्यावर थापट्या, तलवार बदक आणि चक्रवाक हळूहळू जमू लागतात. झाडांच्या शेंड्यांवर इवलासा, सतत हलणारा एक हिरवट वटवट्या येतो. त्याला ह्यूम यांचेच नाव आहे. ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये लिहिणारे अभियंते विल्यम ब्रुक्स यांनी १८७८ मध्ये ते दिले.

वाटसरू पक्षी आठवडाभरात निघून जातो. ती तारीख त्या दिवशी लिहिली नाही तर पुन्हा मिळत नाही. दरवर्षीच्या अशा तारखा एकत्र केल्या तरच पाहुणे लवकर येत आहेत की उशिरा, कमी होत आहेत की वाढत आहेत, हे कळते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. तोपर्यंत वाटसरूंपैकी बरेच जण पुढे गेलेले असतात.

नोंद करताना काय काळजी घ्यावी?

तारीख, वेळ, गाव आणि पाणवठ्याचे नाव, पक्ष्यांची संख्या आणि ओळख कशावरून पटली हे त्याच दिवशी लिहावे. खात्री नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. ह्यूम यांच्या काळात हीच शिस्त होती आणि आजही तीच आहे. दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून किंवा जुना फोटो आजचा म्हणून पुढे पाठवला तर काय होते, हे मांडवीच्या चिठ्ठीने दाखवून दिले आहे. एका खोट्या ठिकाणामुळे संशोधकांची अनेक वर्षे चुकीच्या जागी गेली.

नोंद फक्त ग्रुपवर टाकून थांबू नये. मोबाइल बदलला, ग्रुप बंद पडला की ती हस्तलिखितांसारखीच जाते. ‘ई-बर्ड’सारख्या सार्वजनिक ठिकाणी ती दिली तर कोणालाही, कितीही वर्षांनी वापरता येते. एक अपवाद मात्र पाळावा. घरट्याचे किंवा रानपिंगळ्यासारख्या पक्ष्याच्या बसण्याच्या झाडाचे नेमके ठिकाण जाहीर करू नये. त्याचा विणीचा हंगाम ऑक्टोबरपासूनच सुरू होतो. फोटोसाठी गर्दी झाली किंवा मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावले, तर घरटे सोडून देण्याची वेळ त्याच्यावर येऊ शकते. अशी नोंद वन विभागाला आणि अभ्यासकांना कळवावी. संवेदनशील प्रजातींचे ठिकाण लपवण्याची सोय सार्वजनिक नोंदसंग्रहांतही आहे.

डेव्हिडसन यांनी शहाद्याच्या जंगलात चिठ्ठीवर गाव आणि तारीख लिहिली, तेव्हा ती शतकानंतर कोणाच्या उपयोगी पडेल याची त्यांना कल्पना नव्हती. या हंगामात हतनूरच्या काठावर किंवा लळिंगच्या कुरणात कोणी लिहिलेली साधी ओळही तशीच उपयोगी पडू शकते. ती खरी असावी आणि दुसऱ्याला सापडेल अशा जागी ठेवलेली असावी, एवढेच तिच्याकडून अपेक्षित आहे.